मधली अडीच वर्षं

(आर्वी तालुक्यातल्या एका गावात बचत गटांच्या हळदी-कुंकवाला केलेलं भाषण, लिहिताना थोडं नीट केलंय.)

मघाशी ओळख करून देताना ताई म्हणाल्या की दोन लेकरं सांभाळून ह्या तलाठ्याची नोकरी करतात. टाळ्या वाजवल्या तुम्ही, बरं वाटलं, पण लेकरं मी एकटीनं सांभाळली नाहीत, आणि ती कोणी सांभाळली तेच सांगायला आज उभी राहिलेय.

बारावी झाली अन् लग्न झालं. मोठी पोरगी दोन वर्षांची असताना मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीएला नाव टाकलं, १९८९ पासनं आहे ते, आपल्याकडच्या कितीतरी सुना तिथूनच शिकल्यात. आजेसासूबाई म्हणायच्या, "कायले शिकाले जाऊन रायली वं, पोरगी तं अजून अंगावर पेते." मी सांगायची, पोरीच्या भविष्यासाठी. खोटं होतं ते. मला शिकायचं होतं, बस्स, पण एवढं कारण चालतं असं मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून इथं ज्या पोरी बसल्यात त्यांना मी सांगते, बाईला स्वतःसाठी काही पाहिजे असणं हे पुरेसं कारण आहे, त्याला लेकराच्या नावाचं पांघरूण घालू नका.

नोकरी लागल्यावर मुलगा झाला. सरकारी नोकरी म्हणून १८० दिवस पगारी रजा मिळाली. खाजगीत जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं २०१७ पासून पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवडे आहेत. आणि निंदाले जाणाऱ्या बाईला? सव्वा महिना झाला की धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, आणि दर दोन तासांनं निंदणाची ओळ अर्धी सोडून पळत येऊन लेकराला पाजणं, नाहीतर मजुरीतून कापतील म्हणून तेही नाही. सरकारच्या मातृवंदना योजनेचे पाच हजार येतात पहिल्या लेकराला, ते पण हप्त्यानं.

माझी रजा संपली तेव्हा बाबू सहा महिन्यांचा होता. अंगणवाडीत लेकरू बसवून घेतात तीन वर्षांचं झाल्यावर, त्याआधी आहार घरी मिळतो पण लेकरू घरीच. मग मधली अडीच वर्षं कोणाची?

माझ्या घरी ती माझ्या पोरीची झाली. सासूबाईंचे गुडघे गेलेले, वेचणीचा हंगाम, सगळे वावरात, मी सकाळच्या एसटीनं ड्युटीवर. आधी म्हटलं एकच दिवस घरी राह्य, मग आठवड्यातून एक, मग कोणी सांगायचंही काम पडेना, ती आपणच दप्तर बाजूला ठेवायची. चौथीत होती. गुरुजींनी बोलावून हजेरीपट दाखवला, डिसेंबरात अकरा दिवस गैरहजर. मी घरी येऊन विचारलं, तू सांगितलं काऊन नाही? तर म्हणते, "आई, बाबू माझ्याजवळ रडत नाही न."

मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या पगाराची किंमत ती नऊ वर्षांची पोरगी भरत होती अन् गाव म्हणत होतं, पोरगी किती गुणाची आहे.

लहान लेकरांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांना हे फार आधीच कळलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, मग कोसबाडला आदिवासी पाड्यांत, तिथं पोरी शाळेत यायच्या नाहीत कारण कडेवर भावंड. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली, लहानगं पाळण्यात अन् मोठी वर्गात. पोरीला समजावत बसल्या नाहीत त्या, तिच्या कडेवरचं ओझं उतरवलं. आपल्याला मात्र मोबाईलवर जो तो सांगतो बॅलन्स करा, लवकर उठा, टाइमटेबल लावा. अवं चारला उठते मी! चारला उठून सकाळ मोठी होते, पण लेकराजवळ दिवसभर बसायला माणूस येत नाही.

रोहयोच्या कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली तर ती सांभाळायला एक बाई लावायची, तिला बाकीच्यांएवढीच मजुरी द्यायची, हे नियमात आहे, मागा. केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात, ते दरवर्षी कशावर जातात ते एकदा विचारा तर खरं. निम्म्या जागांवर आपल्याच बाया बसल्यात तिथं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. पाळणाघराचा अर्ज मी लिहून आणलाय, वाण घेताना तिथंच टेबलावर आहे. सही करा, येत नसेल तर अंगठा. नावापुढं दोन रकाने आहेत. पहिल्यात घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू किती महिन्यांचं आहे ते लिहा, आणि दुसऱ्यात, आत्ता तुम्ही इथं बसल्या असताना त्याच्याजवळ कोण बसलंय, तिचं नाव अन् ती कितवीत आहे ते.