परतीचा हिशेब

पाण्यानं भरलेल्या गुहांत डाइव्ह करायच्या ‘फुल केव्ह’ कोर्सचं कार्ड हातात पडलं की आठवडाभरात प्रश्न येतो: आता पुढं काय? स्कूटर म्हणजे पाण्यातून ओढून नेणारी मोटर, साइडमाउंट म्हणजे कुशीतल्या टाक्या, की थेट रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास परत वापरणारं यंत्र? मी उलट विचारतो, कोर्स संपल्यावर शिक्षकाशिवाय किती डाइव्ह केल्यात? बहुतेक जण इथं गप्प होतात. कोर्समध्ये शिक्षक मागं असतो. तो काही करत नसला तरी त्याच्या नुसत्या असण्यानं तुमचा श्वास संथ चालतो. तो संथपणा उसना असतो, आणि तो परत केल्यावर आपल्याकडे काय उरतं हे कळायलाच काही महिने लागतात.

पुढचा प्रत्येक कोर्स तुम्हाला आत जायची एक नवी सोय देतो. आणखी लांब, आणखी खोल, आणखी अरुंद. कोर्सची जाहिरातही त्याच भाषेत होते. मी मात्र प्रत्येकाकडे एकाच बाजूनं बघतो: यानं माझ्या परतीचं काय होतं?

१९७९ साली शेक एक्स्ली या अमेरिकन गुहा-डायव्हरनं गुहांमधल्या मृत्यूंचा अभ्यास करून नियम मांडले. उघड्या पाण्यापर्यंत अखंड दोरी, दोन तृतीयांश गॅस बाहेर येण्यासाठी राखीव, आणि खोलीची मर्यादा. प्रशिक्षण आणि दिवे यांची भर नंतर पडली. नीट बघितलंत तर आत कसं जावं हे त्यात कुठंच नाही. आत जायला कोणालाही जमतं.

आता फळ्यावर एक गणित मांडतो. आकडेमोडीचा कंटाळा असेल तर या खेळातून आत्ताच उठलेलं बरं. बारा लिटरच्या दोन टाक्या, २०० बारपर्यंत भरलेल्या, म्हणजे ४,८०० लिटर गॅस. ३० मीटर खोलीवर दाब ४ बार. पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला २० लिटर लागत असतील, तर इथं ८० लागतील. एक तृतीयांश म्हणजे १,६०० लिटर, म्हणजे २० मिनिटं. संथ पाण्यात मिनिटाला १५ मीटर पोहलात तर ३०० मीटर आत गेलात. तेवढाच गॅस परतीला, आणि उरलेला तिसरा हिस्सा अडीअडचणीला, म्हणजे मुख्यतः जोडीदाराला. हिशेब चोख आहे.

त्याच माणसाच्या हातात स्कूटर द्या. वेग मिनिटाला ४५ मीटर. टाक्या त्याच, नियम तोच, मिनिटंही २०च. तो ९०० मीटर आत गेला आणि तिथं स्कूटर बंद पडली. पोहत ९०० मीटर यायला ६० मिनिटं, म्हणजे ४,८०० लिटर. टाक्यांत आहेत ३,२००. चाळिसाव्या मिनिटाला, ६०० मीटर आल्यावर टाक्या रिकाम्या, आणि दार अजून ३०० मीटर लांब. यात घाबरून वाढलेला श्वास धरलेलाच नाही. त्यानं तृतीयांशाचा नियम मोडला का? नाही. तो नियम पोहणाऱ्याचा होता. जाण्याचा आणि येण्याचा वेग एकच आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

कोणीतरी म्हणेल, जोडीदार ओढून आणील की. आणील, आणि ते शिकवतातही. पण एका मोटरवर दोन माणसं म्हटल्यावर वेग उतरतो, बॅटरी भराभर संपते, आणि गाळ उठला असेल तर दोघांपैकी एकाचा हात दोरीवर हवाच. म्हणून मी स्कूटरच्या आधी स्टेजचा कोर्स करायला सांगतो. जादा टाक्या वाहणं, वाटेत ठेवणं आणि परतताना न चुकता उचलणं एकदा अंगवळणी पडलं, की मग मोटरचा विचार करावा. शिवाय स्कूटरवाल्याच्या हातून गुहाही फुटते. मेक्सिकोतल्या सेनोटेंमधले, म्हणजे पाण्यानं भरलेल्या चुनखडीच्या विवरांमधले, लवणस्तंभ त्या गुहा कोरड्या होत्या तेव्हाचे आहेत. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होता. लवणस्तंभ हवेतच वाढतो. पाण्याखाली तुमच्या टाकीनं जो तुटला, तो गेला.

साइडमाउंटबद्दल थोडक्यात. टाक्या पाठीवरून कुशीत येतात, बुटक्या जागेतून जाता येतं आणि व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर राहतात. पण पाठीवरच्या जोडटाक्यांमध्ये मॅनिफोल्ड, म्हणजे दोन्ही जोडणारी नळी, असतो. एक रेग्युलेटर, म्हणजे टाकीतून श्वास देणारं साधन, गेला तरी सगळा गॅस दुसऱ्यातून मिळतो. साइडमाउंटमध्ये दोन टाक्या म्हणजे दोन वेगळ्या तिजोऱ्या. माझीच फजिती सांगतो. एका अरुंद बोळात असा रमलो की रेग्युलेटर बदलायचंच विसरलो. वळलो तेव्हा डावी टाकी २०० वरून ९० वर आलेली, उजवी १९०. एकूण १२० बार वापरलेले, म्हणजे बेरजेत नियम पाळलेला. पण परतीलाही १२० लागणार होते. त्या क्षणी उजवीचा रेग्युलेटर गेला असता तर हाताशी ९० होते. व्हॉल्व्ह हातानं उघड-बंद करत उजवीतला गॅस ओढता येतो, हे मला माहीत होतं. सराव केलेला नव्हता.

रीब्रीदर हे मोठं प्रकरण आहे. सोडलेला श्वास यंत्रातून फिरतो, कार्बन डायऑक्साइड रसायनात शोषला जातो, लागेल तेवढा ऑक्सिजन मिसळतो. वेळ तासांनी वाढतो आणि माणसाला वाटतं, गॅसची कटकट मिटली. ती फक्त बेलआउटच्या, म्हणजे यंत्र बिघडलं तर वापरायच्या राखीव टाक्यांमध्ये जाऊन बसते. यंत्र सर्वांत आतल्या टोकाला बंद पडलं तर साध्या टाकीवर, वाढलेल्या श्वासानं, बाहेर पोचायचं. वरून कार्बन डायऑक्साइड साठला तर धाप अशी लागते की तोंडातला मुखभाग काढून दुसरा घालायला लागणारी दोन सेकंदंही माणूस देऊ शकत नाही. २००५ च्या जानेवारीत डेव्हिड शॉ हा डायव्हर दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या खोल गुहेत सुमारे २७० मीटरवर मरण पावला तो असाच. खोल पाण्यात श्रम झाले, श्वास वाढला, वायू साठला. यंत्र हवं असेल तर घ्या, पण आधी शेकडो मिनिटं गुहेबाहेर त्याच्यासोबत काढा.

या सगळ्यात एक वाट कोणीच विचारत नाही. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले. २ जुलैला त्यांच्यापर्यंत पोचले ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन हे ब्रिटिश गुहा-डायव्हर. ती गुहा काही खोल नव्हती. तिथं लागलं ते हात दिसत नाही अशा गढूळ पाण्यात, अरुंद जागेत शांत राहण्याचं कसब. ब्रिटनमधल्या थंड, चिखलाच्या गुहांत वर्षानुवर्षं घोटलेलं. तिथं जाऊन फोटो चांगले येत नाहीत, म्हणून गर्दी नसते.

दुसरी दुर्लक्षित वाट सर्वेक्षणाची. गाठी मारलेली दोरी, होकायंत्र, खोलीमापक, पाटी. प्रत्येक वळणावर थांबून दिशा, खोली, अंतर लिहायचं. अशा नकाशांमुळेच २०१८ मध्ये मेक्सिकोतल्या साक आक्तून आणि दोस ओहोस या पाण्याखालच्या गुहांच्या दोन जाळ्या एकच असल्याचं सिद्ध झालं, तेव्हा लांबी ३४७ किलोमीटर भरली. माझ्या मते फुल केव्हनंतरचा सर्वांत चांगला कोर्स हाच. जादा सामान जवळपास नाही, आणि माणूस पहिल्यांदा गुहेकडे बघायला लागतो. वळून मागं बघायची सवय लागते. परतीची वाट जाताना दिसते त्याहून वेगळी दिसते.

शिक्षक निवडताना दोनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षी विद्यार्थी सोबत नसताना, स्वतःच्या हौसेनं किती गुहा केल्यात? आणि, कोणाला नापास केलंय का? दुसऱ्या प्रश्नावर तो हसला तर उठा.

आता ही एक चिठ्ठी आली आहे. “मी रीब्रीदर घेतोय, माझा जोडीदार साध्या टाक्यांवरच राहणार. चालेल का?” चालेल. पण त्याचा गॅस संपला तर तो तुमच्याकडे येणार, म्हणजे तुमच्या बेलआउटमध्ये त्याचाही वाटा धरा. आणि वळायचं त्याच्या तृतीयांशावर. तुमचं यंत्र तासन्‌तास चालेल, तुमची डाइव्ह मात्र त्याच्या वीस मिनिटांची.