दर मुक्कामी परका पियानो

मंडळी, व्हायोलिन वाजवणारा आपलं वाद्य खांद्याला लावून विमानात चढतो. पियानोवादकाच्या सामानात कपडे, बूट आणि नोटेशनच्या वह्या. मैफलीचा पियानो पावणेतीन मीटर लांब आणि ५०० किलोच्या आसपास, त्यामुळे तो सभागृहाचाच असतो. होरोविट्झ किंवा झिमरमन यांच्यासारखे स्वतःचा पियानो घेऊन फिरणारे अपवाद. बाकीचे जन्मभर परक्या वाद्यांवर वाजवतात आणि त्यांची ओळख करून घ्यायला मिळतात जेमतेम दोन-तीन तास. या पेशातलं खरं कसब मला तिथे दिसतं.

आधी पट्ट्या पाहायच्या. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि ती हलायला ५० ग्रॅमच्या आसपास भार लागतो. पट्टीनं ढकललेली हातोडी तारेच्या अगदी जवळ, दोनेक मिलिमीटरवर आली की यंत्रणेतून सुटते. त्यानंतर पट्टी कितीही दाबा, तारेला फक्त हातोडीचा वेग कळतो. पट्टीवर बोट घोळवत डोळे मिटणं दिसायला छान, पण वाजून गेलेल्या स्वरात त्यानं काही बदलत नाही. म्हणून नव्या पियानोवर पहिली परीक्षा हळू आवाजाची. शक्य तितक्या हलक्या हातानं सगळ्या ८८ पट्ट्या वाजवायच्या, कुठला स्वर गिळला जातो ते टिपायचं. मग एकच पट्टी झपाझप दहा-बारा वेळा. १८२१ साली पियानो बनवणाऱ्या एरारनं केलेल्या सुधारणेमुळे पट्टी पूर्ण वर न येताही पुन्हा वाजते. एखादा ठोका चुकला तर बहुधा आतली स्प्रिंग सैल असते किंवा कुठेतरी घर्षण वाढलेलं असतं. तंत्रज्ञ हजर असेल तर हे काम मिनिटांचं आहे.

आवाज कर्कश असेल तर मात्र जपून. वाजवून वाजवून हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं आवरण, घट्ट होतो; तंत्रज्ञ तो सुयांनी टोचून मऊ करतो. हे घाईत सगळ्या हातोड्यांवर करायला गेलं तर पियानो मुका होतो आणि टोचलेला नमदा लगेच पूर्ववत होत नाही. शहाणा वादक खटकणारे चार-पाच स्वरच दाखवतो.

सूर लावण्याआधी रंगमंचावरचे दिवे संध्याकाळी असतील तसेच लावून ठेवायला सांगावं. दिव्यांनी तारा तापून सैलावतात, सूर उतरतो. मधल्या आणि वरच्या प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. त्यातली एक जरी सरकली तरी स्वर थरथरतो, म्हणून मध्यंतरात तंत्रज्ञ पुन्हा हवाच. आणि पेडलचा, म्हणजे स्वर लांबवणाऱ्या पायपट्टीचा, रिकाम्या सभागृहात घेतलेला अंदाज धरून चालू नये. माणसं भरली की नाद शोषला जातो, दुपारी गढूळ वाटलेलं पेडल रात्री कोरडं पडतं.

पाठांतराची गोष्ट वेगळी. वही समोर न ठेवता वाजवण्याची प्रथा क्लारा शुमान आणि लिस्ट या पियानोवादकांमुळे १९व्या शतकात रुळली. नुसत्या बोटांच्या सवयीवर विसंबलेलं पाठांतर फसतं ते ठरावीक जागी: तीच धून दुसऱ्यांदा येते आणि वेगळ्या सुरावटीकडे वळते, तिथे. वादक पहिल्याच वळणावर जातो आणि गोल फिरत राहतो. अशा जागा शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची, डावा हात एकटा वाजवायचा, रचनेत मधूनच कुठूनही सुरू करता आलं पाहिजे. थोर पियानोवादक रिश्टर उत्तरायुष्यात सरळ वही समोर ठेवून वाजवत. त्यात कमीपणा काय?

कारकीर्द घडते कशी? वॉर्सामधली शोपॅन स्पर्धा १९२७ पासून आहे, तिथल्या विजयानं दारं उघडतात. पण दुसरी वाट आहे ऐनवेळच्या बदलीची. १९६३ मध्ये आजारी ग्लेन गूल्डच्या जागी १६ वर्षांचा आंद्रे वॉट्स न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर लिस्टचा पहिला कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवून गेला. १९९९ मध्ये आजारी वॉट्सच्या जागी १७ वर्षांचा लांग लांग शिकागोच्या वाद्यवृंदाबरोबर बसला. दोघांनाही फोन आला तेव्हा नवं काही बसवायला वेळ नव्हता. म्हणून तरुण वादकानं चार-पाच कॉन्चेर्तो कायम हाताशी ठेवायचे आणि अधूनमधून पूर्ण वेगात वाजवून पाहायचे.

एवढं करूनही हात दगा देतो. पियानोवादक लिऑन फ्लायशरच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं १९६४च्या सुमारास आत वळू लागली. त्याला झालेला फोकल डिस्टोनिया हा मेंदूच्या हालचाल-नियंत्रणातला बिघाड आहे, त्यामुळे जास्त रियाज केल्यानं तो बरा होत नाही. फ्लायशर शिकवू लागला, वाद्यवृंद चालवू लागला आणि एका हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवू लागला. त्यातलं बरंचसं पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पाउल विट्गेन्श्टाइननं लिहून घेतलेलं, रावेलचा कॉन्चेर्तो धरून. पुढे १९९०च्या दशकात बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी बोटं सैल झाली आणि तो पुन्हा दोन्ही हातांनी मैफली करू लागला.