नऊ घरं आणि एक अंगठा

श्रोतेहो, नमस्कार. मी कंट्रोलवाला. सरकारी कागदावर 'रास्त भाव दुकानदार' असं लिहितात, पण आमच्या गावात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, त्या नावानं कोणी हाक मारली तर मी वळूनही पाहणार नाही. गेली एकोणीस वर्षं गहू-तांदूळ तोलतो आहे. भाषणाला बोलावलं तेव्हा घरच्यांना वाटलं, रेशनकार्डावरच बोलणार. मी बोलणार आहे एका खेळावर. रेशनकार्ड मध्येच येईल, त्याला इलाज नाही.

मागच्या दिवाळीत नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा आणि त्याची बारावीतली बहीण आमच्याकडे आले. रात्री जेवणं झाली की ओसरीत सतरंजी पडायची, गावातली चार पोट्टी गोळा व्हायची. ना पट, ना पत्ते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा एक फासा सांगतो. बोराएवढा फासा, पण त्याच्यासाठी पोरं श्वास रोखून बसायची. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी रचलेला, 1974 साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून बाजारात आलेला.

खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपल्या पात्राचा कागद भरायचा. ताकद किती, अक्कल किती, आणि 'अलाइनमेंट' कोणती. भाच्यानं एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मला आकृती काढून दाखवली. तीन उभी, तीन आडवी, अशी नऊ घरं. आडव्या बाजूला विचारायचं, माणूस नियमानं चालणारा, मधला, की मनाला येईल तसा वागणारा? उभ्या बाजूला विचारायचं, भला, मधला, की दुष्ट? दोन उत्तरं जिथं मिळतात ते त्याचं घर.

मी हसलो. म्हटलं, माणूस म्हणजे काय तांदूळ आहे, पोत्यावर 'ग्रेड ए' नाहीतर 'साधारण' छापायला?

पण रात्री खाटेवर पडलो आणि एक शब्द डोक्यातून जाईना. सरळमार्गी. आपण एखाद्याला सरळमार्गी म्हणतो तेव्हा तो नियम पाळतो असं म्हणतो, की तो भला आहे असं? आपण दोन्ही एका दमात म्हणून टाकतो. एकाच शब्दात दोन मापं. माझ्या तराजूत असं चालवलं तर वजनमापवाले सील ठोकतील. त्या पोरांच्या खेळानं ही दोन मापं वेगळी केली, एवढं मात्र मला पटलं.

गंमत म्हणजे खेळातही ती पहिल्यापासून वेगळी नव्हती. आधी तीनच बाजू होत्या: नियम, अंदाधुंदी आणि मधली. त्या काळच्या अद्भुत कादंबऱ्यांतून उचललेल्या. स्वभाव कसा यापेक्षा लढाईत तू कोणाकडून, असा तो हिशेब. भल्याबुऱ्याचा दुसरा प्रश्न 1976 मध्ये आला आणि 1978 पर्यंत नऊ घरं पक्की झाली. पुढं 2008 साली ती पाचावर आणली, 2014 साली पुन्हा नऊ केली. आमच्या कार्डांचे रंगही असेच बदलत असतात. जुन्या नियमांत आणखी एक मजा होती: प्रत्येक बाजूच्या लोकांची आपापली गुप्त भाषा. भल्यांना एकमेकांची बोली कळायची, दुष्टांना दुष्टांची. भल्यांचं ठाऊक नाही, पण दुसरी भाषा मी ऐकली आहे. तिची सुरुवात 'चहापाण्याचं बघा' अशी होते.

भाचीनं विचारलं, "मामा, भीष्म कोणत्या घरात?"

तासभर तेच चाललं. द्रौपदी भर सभेत विचारते, जो आधी स्वतःला हरला त्याला मला पणाला लावायचा हक्क काय? भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही. नियमाच्या घरात ते पक्के, पण भल्याच्या घरात? भाचा म्हणाला, घाला मधल्यात. मला ते बोचलं, पण उत्तर सुचलं नाही. मग मी विकर्णाचं नाव काढलं. धृतराष्ट्राचाच पोरगा. सभेत उठून बोलला की हे चूक आहे, आणि कर्णानं त्याला गप्प केलं. पुढं तोच विकर्ण युद्धात कौरवांकडून लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. तीन बाजूंच्या जुन्या खेळात त्याचं नाव सरळ कौरवांच्या रकान्यात गेलं असतं. नऊ घरांत निदान त्याला भल्याच्या ओळीत बसवता येतं.

भाचीचं पात्र होतं पॅलॅडिन, म्हणजे देवाचं व्रत घेतलेली योद्धा. जुन्या नियमांप्रमाणे पॅलॅडिन नियमानं चालणारा आणि भला, असाच असावा लागतो. जाणूनबुजून पाप केलं की त्याची दैवी ताकद जाते. हे मला शिकवावं लागलं नाही. धर्मराजाचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालायचा, आणि अश्वत्थाम्याच्या नावानं अर्धं खोटं बोलल्यावर तो खाली टेकला. तिच्यापुढं गोष्टवाल्यानं कोडं टाकलं: दुष्काळ पडलाय, दोन पोरांनी राजाच्या कोठारातून ज्वारीचं पोतं चोरलंय, राजाचा हुकूम आहे की चोर हवाली करा. बाकीचे म्हणाले, सोड त्यांना. ती गप्प. रात्रीचा एक वाजला. मग तिनं अंगावरचं चांदीचं चिलखत उतरवून कोठाराच्या मुनीमापुढं ठेवलं आणि पोत्याची पावती मागितली. पावती! मी आतून ओरडलो, शाबास! दुसऱ्या दिवशीच्या लढाईत बिनचिलखतानं उतरली, फाशावर तीन पडले, आणि मेली. पोरगी खरोखर रडली.

एका गोष्टीवर मात्र आमचं बिनसलं. खेळाच्या जुन्या पुस्तकांत ऑर्क नावाची एक जमात आहे, तिच्या नावापुढं छापलेलंच असे: दुष्ट. पाळण्यातलं पोर असलं तरी दुष्ट. मी भाच्याला म्हटलं, बाबा रे, हा खेळ आमच्याकडे इंग्रज खेळून गेले. 1871 साली त्यांनी कायदा केला आणि पुढं त्याखाली कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदल्या. तो कायदा 1952 साली गेला, तरी आजही कुठं मोटर चोरीला गेली की पोलिसांची गाडी आधी पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर जाते. विहिरीवरची मोटर, आणि बहुतेक वेळा नेणारा शेजारचाच असतो. भाचा म्हणाला, 2020 साली खेळाच्या कंपनीनंही जाहीर केलं की ऑर्क वगैरेंना सरसकट वाईट रंगवणं बदलायचं. बरं झालं. खेळाला सेहेचाळीस वर्षं लागली, आपल्या कायद्याला एक्याऐंशी.

आता रेशनकार्ड.

शेवटच्या रात्री पोरं म्हणाली, मामाचं घर काढू. मी ऐटीत सांगितलं, माझ्या दुकानात एका दाण्याचा घोळ नाही, आणि वर एक किस्साही सांगितला. बोटाचा ठसा जुळवून धान्य द्यायचं ई-पॉस मशीन नवीन आलं तेव्हाचा. आमच्याकडे एक म्हातारी आहे, एकटी, अंत्योदयचं कार्ड, महिन्याला पस्तीस किलो. जन्मभर कापूस वेचला. वाळल्या बोंडाच्या टोकांनी बोटांवरच्या रेषाच राहिल्या नाहीत. मशीन तिचा थम घेईना. पदरानं पुसून झाला, साबणानं धुऊन झाला, दहाही बोटं झाली. शेवटी ती म्हणाली, "बापू, मी तुले ओयखतो, तू मले ओयखतं, मंग हे डबडं मधात कोन होय?" मी म्हटलं, आजी, नियम आहे. दोनदा परत पाठवली. तिसऱ्या खेपेला डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट लागलं, आणि मी पूर्ण पस्तीस किलो मोजून दिलं.

पोरं गप्प झाली. भाचीनं लग्नपत्रिका ओढली, डावीकडच्या मधल्या घरात बोट ठेवलं आणि म्हणाली, "मामा, लॉफुल न्यूट्रल." म्हणजे नियमानं चालणारा, पण ना भला ना दुष्ट. भीष्माचं घर.

मी भांडलो. म्हटलं, थम न घेता धान्य दिलं तर साठा जुळत नाही, परवाना जातो, मग सगळ्या गावानं धान्याला कुठं जायचं? हे खरंच आहे, आणि भाचा मान्यही करून बसला. पण पोरांना मी एक सांगितलं नव्हतं, ते आज इथं सांगतो. अंगठा नसेल लागत तर दुसऱ्या वाटा असतात. मोबाईलवर नंबर मागवता येतो, तिच्या वतीनं दुसऱ्याचं नाव लावता येतं. मला त्या माहीत होत्या. त्या दिवशी रांग लांब होती, मशीनला रेंज नव्हती, आणि मला जेवायला घरी जायचं होतं. त्या नऊ घरांत 'रांग लांब होती' याचं घर कुठं आहे, ते मी पुष्कळ शोधलं. दुष्टपणा नव्हता. नियमही नव्हता, नियम तर तिच्या बाजूनं होता. मी फक्त त्याचं नाव पुढं केलं.

पोरं गेली. ती पत्रिका मी दुकानातल्या वहीत ठेवली. पुढल्या महिन्यात म्हातारी आली, तिच्या जावयाचं नाव कार्डाला लावायचं होतं. वही उघडली तर पत्रिका खाली पडली. तिनं उचलली, उलटी-सुलटी करून पाहिली, विचारलं, "हे काय होय?" मी सगळं सांगितलं. कोणतं घर कशाचं, आणि पोरीनं मला कुठं बसवलं तेही. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग पत्रिका माझ्या तराजूवर ठेवली आणि म्हणाली,

"मले अजून घरकुल भेटलं नाई, अन् हे नऊ नऊ घरं तू कोनाले वाटून रायला बापू?"