भोकाचा पैसा आणि लढाईचा उरलेला पसारा

हा बघा, भोकाचा पैसा. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर गंजलेली कुलपं, घड्याळाचे काटे असल्या ढिगात हे डबाभर पडलेले असतात, आणि विचारलं की दुकानदार म्हणतो ले लो साब, लडाई के टाइम का है, आणि गंमत म्हणजे तो खरं बोलत असतो, जे चोर बाजारात रोज होत नाही.

कॅमेरा जरा जवळ आणूया. राजाचा चेहरा नाहीये, नुसता मुकुट आहे, कारण चेहरा बसवणार कुठे, मधोमध तर भोक. 1943 ते 1947 असे पैसे पाडले. आधीचा पैसा जवळजवळ पाच ग्रॅमचा होता आणि हा उणापुरा दोन ग्रॅमचा, म्हणजे एकाच्या धातूत दोन पैसे निघाले आणि वर थोडं उरलंच. दुसऱ्या महायुद्धात धातू सगळा काडतुसं आणि तोफगोळ्यांच्या मागे चाललेला, त्यात लोकांनी चिल्लर घरात दाबून ठेवली, मग सुट्ट्याची अशी मारामार झाली की पोस्टाची तिकिटं सुट्टे म्हणून हातावर टेकवायचे आणि काठियावाड-कच्छकडच्या काही संस्थानांनी तर सरळ कागदाची कुपनं काढली. हा पैसा पुढे नटबोल्टला वॉशर म्हणून लागला, पोरांनी करगोट्यात ओवला, आणि फेकायला कुणाला सुचलं नाही म्हणून आज आपल्या हातात आहे.

चांदीचं मात्र तसं झालं नाही. 1940 मध्ये रुपयातली चांदी साधारण 92 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आणली, त्याच वर्षीची एक रुपयाची नोट पण निघाली (पहिली एक रुपयाची नोटही लढाईतलीच बरं का, 1917 ची), आणि लोकांनी जुने कलदार रुपये घरात पुरले नाहीतर आटवले.

मेडलांचंही तेच. हे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, पुढून पंचम जॉर्ज, मागून घोडेस्वार, पण ते सोडा, कडा बघा कडा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं इंग्रजी कॅपिटलमध्ये ठोकलेलं असतं, नावाचं स्पेलिंग कारकुनाला जसं ऐकू आलं तसं. 117 नंबरची मराठा पलटण, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, 1915-16 मध्ये कुट गावाच्या वेढ्यात अडकलेली पलटण, त्यातला कोणीतरी कोकणातला किंवा साताऱ्याकडचा पोरगा ह्या कडेवर असू शकतो. पण ह्यात चांदी आहे चांगली अडीच तोळ्यांच्या आसपास, त्यामुळे घरात लग्न निघालं, दुष्काळ पडला की हे आधी सोनाराकडे. सोनाराला कडेवरच्या नावाचं काय घेणंदेणं, तो वजन बघतो. आणि मजूर तुकड्यांमधल्या भारतीय लोकांना हेच मेडल ब्राँझचं दिलं, तेव्हा तो भेदभावच होता, पण ब्राँझ सोनार घेत नाही, त्यामुळे ते घरात राहण्याचा चान्स जास्त. मला हे नेहमी विचित्र वाटतं, की जी वस्तू मौल्यवान तीच आधी गेली.

पत्रांची कथा आणखी वेगळी. फ्रान्समधून आपल्या शिपायांनी घरी पाठवलेली पत्रं सेन्सॉरवाले वाचायचे, त्यात मराठीही होती, आणि त्यातले निवडक उतारे इंग्रजीत करून फायलीला लावायचे. ती फाइल लंडनला ब्रिटिश लायब्ररीत अजून नीट आहे. मूळ पत्र गावात आलं, मास्तरांनी नाहीतर पोस्टमनने वाचून दाखवलं, फळीवर राहिलं, वाळवीने खाल्लं.

घरात बसून लढणाऱ्यांचं काय मग? तर हे रेशन कार्ड. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला, आणि मे 1943 मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत गावचे आठ-दहा गडी राहायचे आणि खानावळवाल्या बाईकडे जेवायचे, त्यांच्या पोळ्या-भाताचा हिशोब आता ह्या पुठ्ठ्यावर. मिलमध्ये खाकी कापड विणायचं आणि संध्याकाळी थैली घेऊन लायनीत उभं राहायचं. लढाई संपली पण कार्ड काही संपलं नाही, पुढे कित्येक वर्षं पत्त्याचा पुरावा म्हणून हेच दाखवायला लागायचं, गॅस घ्या, शाळेत नाव घाला, रेशन कार्ड आणा. म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, दागिन्यांच्या शेजारी.

14 एप्रिल 1944 चा मुंबईच्या गोदीतला स्फोट सगळ्यांना माहीत आहे, फोर्ट स्टिकीन बोट, व्हिक्टोरिया डॉक, आगीशी झुंजताना गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एवढंच, त्या बोटीत कापसाबरोबर दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या, त्यातली एक उडून लांब एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली, आणि त्यांनी ती परत केली. केली म्हणजे केली!

मग 1962, चीनशी लढाई. बायकांनी पाटल्या-बांगड्या काढून संरक्षण निधीत दिल्या, जवानांसाठी स्वेटर विणले. सोनं गेलं, स्वेटर गेले, कुणाकडे पावतीचा चिटोरा असला तर असला. 1971 ला परत ब्लॅकआऊट, खिडक्यांच्या काचांना काळे नाहीतर खाकी कागद, गाड्यांचे हेडलाइट वरून अर्धे काळे, आणि भोंगा वाजला की दिवा घालव म्हणून ओरडणारा बिल्डिंगमधला एक काका, हा प्रत्येक बिल्डिंगमध्ये असायचाच.

आणि हे शेवटचं, पाच पैशांचं तिकीट. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबर 1971 पासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी हे लावणं सक्तीचं झालं, सुरुवातीला नवीन छापायला वेळ नव्हता म्हणून कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच शिक्का मारला, म्हणजे दोन मुलांचं सुखी कुटुंब आणि त्यावर निर्वासित मदत. फोर्टात फुटपाथवर तिकिटं विकणाऱ्यांकडे विचारा, मिळेल, महाग नाहीये. लढाई 3 डिसेंबरला लागली आणि 16 ला आटोपली पण, तिकीट मात्र आपण 31 मार्च 1973 पर्यंत चिकटवत होतो.