हातांना विचारा: डेट्रॉइटच्या अरब मोटार-कामगारांच्या आठवणी

नमस्कार श्रोतेहो.

आजच्या येमेनमधलं एडन बंदर, हे नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. वासुदेव बळवंत फडक्यांनी १८८३ साली तिथल्या तुरुंगात प्राण सोडला. त्यांना तिथेच का नेलं? तर एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होतं. रुपया तर तिथे १९५१ पर्यंत चालायचा. त्याच एडनमागच्या डोंगराळ मुलखातले येमेनी लोक बोटींवर खलाशी म्हणून चढले, त्यातले काही सुएझमार्गे अमेरिकेला पोचले आणि डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत लागले. या कामगारांच्या आठवणी नोंदवायच्या कशा आणि ऐकायच्या कशा, यावर आज बोलू.

येमेनी पहिले नव्हते बरं का. त्यांच्या आधी तिथे आजच्या सीरिया-लेबनॉनकडची माणसं होती. हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली आणि त्याच्या हायलंड पार्कच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर झुंबड उडाली. पण त्या ५ डॉलरमधला निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा नफ्यातला वाटा म्हणून मिळायचा आणि त्याला अटी होत्या. कंपनीचा माणूस घरी येऊन बघायचा: घर स्वच्छ आहे का, दारू चालते का, पैसे शिल्लक टाकता का, घरात भाडेकरू किती ठेवलेत. एकट्यादुकट्या अरब कामगारांचं बिऱ्हाड म्हणजे एका घरात सात-आठ जण, म्हणजे इथेच गोची. १९१६ च्या कंपनीच्या गणतीत ५५५ अरब कामगार नोंदले आहेत. १९२१ मध्ये हायलंड पार्कला मशीद उभी राहिली, ती फार दिवस टिकली नाही. पुढे काम डेट्रॉइटशेजारच्या डिअरबॉर्न गावी, फोर्डच्याच रूज कारखान्यात सरकलं, तशी वस्तीही डिक्स रस्त्याच्या आसपास सरकली. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर येमेनींचा ओघ वाढला. इतका इतिहास पुरे.

आता मुद्द्याची गोष्ट. म्हाताऱ्या कामगारासमोर रेकॉर्डर ठेवला की आपण विचारतो, ‘परदेशात कसं वाटायचं?’ तो म्हणतो, ‘कष्टाचे दिवस होते, देवाच्या कृपेनं निभावलं.’ संपली मुलाखत! म्हणून आधी काम विचारा. काय केलं ते आधी, कसं वाटलं ते नंतर.

फाउंड्रीतला, म्हणजे लोखंड ओतायच्या खात्यातला माणूस असेल तर शिफ्टच्या पहिल्या मिनिटापासून सुरू करा. कपडे कुठे बदलायचे? बिल्ला कुठे दाखवायचा? वाळूच्या साच्यात कोर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, कोण बसवायचं? फाउंड्रीवाल्या कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना हे सांगायला नको. कोर जरा हलला की इंजिनच्या ब्लॉकची भिंत एका बाजूला पातळ होते. वाळू ओली राहिली की वाफ धरून कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात. मग विचारा, असा माल निघाला तर बोलणी कोण खायचं? इथे माणूस पुढे सरकून बसतो. फोरमन कोण, तो कुठल्या भाषेत ओरडायचा, आपल्याला काय नावाने हाक मारायचा, सगळं ओघानं येतं. शेकआउटचंही विचारा. तिथे साचा हादरवून फोडतात, गरम वाळूचा धुरळा उडतो. तोंडाला काय बांधायचात? घरी गेल्यावर खोकला किती वेळ चालायचा? छातीचं दुखणं डॉक्टरच्या कागदापेक्षा या उत्तरात जास्त कळतं.

दुभाष्याबद्दल एक. घरचा पुतण्या दुभाष्या म्हणून बसवू नका. काका चार मिनिटं बोलतात आणि पुतण्या सांगतो, ‘ते म्हणतात, फार अवघड होतं.’ घरचा माणूस नको ते गाळतो. मूळ अरबी बोलणं सलग रेकॉर्ड करा, भाषांतर नंतर शांतपणे दुसऱ्याकडून करून घ्या. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रिज गुरगुरत असेल तर खोली बदला. आणि हो, या आवाजांच्या मागे सतार किंवा बासरी लावणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. म्हाताऱ्याचा खोकला हासुद्धा पुरावा आहे हो, त्यावर बासरी कशाला?

आता तो किस्सा, ज्यासाठी आजचा विषय घेतला.

साल १९७३. अमेरिकेतल्या मोटार-कामगारांची मोठी संघटना म्हणजे युनायटेड ऑटो वर्कर्स. तिची रूज कारखान्यातली शाखा, लोकल ६००. या शाखेने इस्रायल सरकारचे सुमारे ३ लाख डॉलरचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, घेतले होते. पैसा कुणाचा? वर्गणीचा. वर्गणी कापली जायची पगारातूनच, म्हणजे अरब कामगाराच्याही. ६ ऑक्टोबरला अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि आतापर्यंत कॉफीच्या कपाशी होणारी कुरकुर रस्त्यावर आली. १४ ऑक्टोबरला, रविवारी, डिअरबॉर्नच्या अरब वस्तीतून लोकल ६०० च्या कार्यालयावर मोठा मोर्चा गेला. मागणी एकच: बाँड विका. पाठोपाठ अरब वर्कर्स कॉकस नावाचा गट उभा राहिला.

मग कळलं की संघटनेचे अध्यक्ष लेनर्ड वुडकॉक यांना बनाय ब्रिथ या ज्यू संस्थेकडून सन्मान मिळणार आहे. तारीख २८ नोव्हेंबर, ठिकाण डेट्रॉइटचा कोबो हॉल. त्या दिवशी, बुधवारी, सुमारे दोन हजार अरब कामगारांनी काम बंद ठेवलं. डेट्रॉइटला लागूनच असलेल्या हॅमट्रॅमकच्या डॉज मेन या मोटार कारखान्यातल्या दोन असेंब्ली लाइनपैकी एक ठप्प झाली आणि हॉलबाहेर निदर्शनं झाली.

लाइन ठप्प होते म्हणजे काय होतं, ते नीट ऐका, कारण किस्सा तिथेच आहे. तासाला साठ गाड्या धरल्या, तर प्रत्येक ठिकाणच्या माणसाला मिनिटाला एक गाडी. त्या मिनिटात त्याने आपले बोल्ट आवळायचे, आपला वेल्ड मारायचा. एक माणूस नसला तर बदली माणूस उभा करतात. दहा नसले तर फोरमन इकडचा तिकडे करून भागवतो. पण एकाच खात्यात ओळीनं पंचवीस जागा रिकाम्या राहिल्या तर? पुढच्याला अर्धवट बॉडी मिळते, त्याचं काम अडतं, मागच्या बॉड्या तुंबतात. नवी भरती धुळीच्या आणि रात्रपाळीच्या कामावर लावली जायची, कारण चांगली जागा सिनिऑरिटीने मिळे. म्हणजे येमेनी माणसं एकाच खात्यात, एकाच पाळीत दाटीने उभी असायची. जी गोष्ट त्यांच्या वाट्याला सजा म्हणून आली होती, तीच त्या दिवशी त्यांची ताकद ठरली.

याच कारखान्यात १९६८ मध्ये काळ्या कामगारांनी संघटनेला न विचारता संप केला होता. त्याची पत्रकं, त्याचे नेते, सगळं बऱ्यापैकी नोंदलेलं आहे. पण संघटनेच्या मंजुरीविना, तेही संघटनेच्याच विरोधात पुकारलेल्या बंदचं मतदान होत नाही, ठराव होत नाही, इतिवृत्त राहत नाही. म्हणून इथे तोंडी आठवणीवाचून गत्यंतर नाही. आणि म्हणूनच पुन्हा सांगतो: काय केलं ते आधी विचारा. निरोप कुणी दिला? कॉफीच्या दुकानात, की पार्किंगमध्ये? पत्रक कुठल्या भाषेत होतं, आणि वाचता न येणाऱ्याला ते कुणी वाचून दाखवलं? बायकोमुलांना गावी पैसे पाठवायचा दिवस कुठला होता? शेजारच्या काळ्या किंवा पोलिश माणसाला आदल्या दिवशी सांगितलंत का?

जे त्या दिवशी कामावर गेले त्यांनाही विचारा, हे विसरू नका. नव्या माणसाचे पहिले ९० दिवस कच्चे असायचे, त्याला काढलं तर संघटना मध्ये पडत नसे. अशा माणसाला ‘तुम्ही का नाही आलात’ असं विचारलंत तर तो गप्प बसेल. ‘त्या दिवशी लाइनवर काय काय झालं’ असं विचारा. रिकाम्या जागा त्यानेच पाहिल्या आहेत!

आता एक सापळा. समजा, कुणी सांगितलं, ‘आम्ही रोजे धरले होते आणि तसेच लाइन सोडून गेलो.’ टिपून घ्या, पण कॅलेंडर काढा. ६ ऑक्टोबर १९७३ हा रमजानचा दहावा दिवस. म्हणजे १४ ऑक्टोबरचा मोर्चा रमजानात होता, पण २८ नोव्हेंबरपर्यंत ईद होऊन महिना उलटला होता. माणूस खोटं बोलत नाही. त्याच्या आठवणीत दोन दिवस एकमेकांत मिसळले आहेत. त्याला तोडू नका. ‘त्या दिवशी कारखान्यातून निघालात की घरून?’ एवढंच विचारा, रविवार आणि बुधवार आपोआप वेगळे होतील. साल आठवत नसेल तर येमेनमध्ये इमामाची सत्ता गेली ते साल म्हणजे १९६२, इंग्रज एडन सोडून गेले ते १९६७, त्याच वर्षी जुलैत डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली होती. अशा खुंट्यांना बाकीचं टांगायचं. काय केलं ते आधी, कधी केलं ते त्यानंतर, कसं वाटलं ते सगळ्यात शेवटी.

डॉज मेन जानेवारी १९८० मध्ये बंद पडला, पुढे पाडला गेला, जागेवर जनरल मोटर्सचा कारखाना आला. त्यामुळे त्या माणसाला घेऊन जागेवर फिरता येत नाही. यावर उपाय सोपा: मोठा कोरा कागद आणि जाड पेन द्या, मजला काढायला सांगा. जिना, पाण्याची जागा, फोरमनची खोली, आपली उभी राहायची जागा. तो बोट ठेवून ‘इथे’ म्हणेल. रेकॉर्डिंगमध्ये ‘इथे’चा काही उपयोग नाही, म्हणून तुम्ही लगेच मोठ्याने म्हणा, ‘म्हणजे जिन्याच्या डाव्या हाताला.’ कागदावर तारीख आणि रेकॉर्डिंगचा क्रमांक तिथल्या तिथे लिहा, परवानगीपत्रावर सही घ्या आणि रेकॉर्डिंगची एक प्रत घरच्यांना द्या.

नमस्कार.