चार बोटं देठ

दसरा झाला. करवीर तालुक्यातल्या या परसात गोठ्याच्या भिंतीवर चढलेला वेल पिवळा पडलाय आणि पानांआडचे भोपळे आता उघडे दिसतात. मृगात टोकलेलं बी आहे हे.

तांबूस रंग आला म्हणून भोपळा उतरवायची घाई नको. रंग आधी येतो, साल मागून कडक होते. अंगठ्याचं नख सालीत रुतलं, तर आठवडाभर वेलावरच राहू द्या. फळ धरल्यापासून साधारण 45 ते 50 दिवस लागतात.

आता हा देठ बघा. सुकून बुचासारखा झालाय, उभ्या चिरा पडल्यात. शेजारचा अजून हिरवा आहे, म्हणजे वेल त्याला पोसतोय. त्याला हात लावायचा नाही. कापायचं ते धारदार विळ्याने, फळाला चार बोटं देठ ठेवून. पिरगाळलं की देठ बुडातून उपटून येतो आणि त्या ओल्या खळग्यातून बुरशी आत शिरते. वरून भोपळा ठणठणीत, आत गराचं पाणी! उचलतानाही देठाला धरू नका, खालून दोन्ही हात घाला. देठ मोडलाच, तर तो भोपळा आधी भाजीला.

सालीवर टाचणीएवढं भोक आणि त्यावर वाळलेला डिंक दिसला, तर फळमाशीने डंख मारलाय. तोही साठवणीतून बाद.

राहिलेले ओसरीवर, हवेशीर सावलीत 10-12 दिवस. चिखल कोरड्या फडक्याने पुसा, धुवायच्या भानगडीत पडू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात साल घट्ट होते, बारीक ओरखडे भरून येतात. परतीच्या पावसाची झड मात्र लागता कामा नये.

मग फळीवर भाताचं पिंजर पसरून एकेक सुटा ठेवा. ढीग दिसायला छान, पण एक नासला की शेजारचेही जातात. सिमेंटच्या फरशीवर थेट ठेवला तर बुडाला ओल धरते. पिकत्या केळ्यांजवळ नको, आणि अख्खा भोपळा फ्रिजमध्ये तर नकोच, थंडीनं तो आतून बिघडतो. आठवड्यातून एकदा उलटून बूड दाबून बघा. मऊ लागला तो बाहेर. नीट ठेवलेला भोपळा तीन महिने सहज टिकतो.

ठेवणीत पिठूळपणाची साखर होत जाते. घारग्यांना म्हणून महिनाभर ठेवलेलाच घ्या. तोवर गुऱ्हाळंही पेटलेली असतात. नवा गूळ घाला, पण नेहमीपेक्षा मूठभर कमी.