लायसन्स आहे, पण मामाला बसवता येईल का? ९० दिवसांचं उलटं गणित

नमस्कार मंडळी! मागं विमानाचा आवाज येऊन राहिला ना, येऊ द्या. घर नागपुरात वर्धा रोडला आहे, सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं माझ्या व्हिडिओत हजेरी लावतातच.

तर झालं असं, अमेरिकेत विमान चालवायला शिकलेल्या भाच्याचा फोन आला. "मामा, ५ एप्रिलला मित्रांना घेऊन उडून राहिलो. तुम्ही आले की तुम्हालाही फिरवतो." मी विचारलं, मागची तीन लँडिंग कधीची? तर म्हणे, "लायसन्स आहे ना!"

आहेच. तिथल्या पायलटच्या लायसन्सला संपायची तारीखच नसते. पण सोबत माणूस बसवायचा, तर मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग स्वतःच्या हातानं केलेली हवीत. तीही त्याच वर्गाच्या विमानात. एका इंजिनवाल्यातली दोन इंजिनवाल्याला चालत नाहीत. याला पायलट लोक 'करंट असणं' म्हणतात.

आता त्याचं लॉगबुक बघा. १ जानेवारी, २० जानेवारी, १० फेब्रुवारी, दर वेळी एकच चक्कर, म्हणजे एक टेकऑफ, एक लँडिंग. त्याला वाटलं, शेवटचं फेब्रुवारीत, म्हणजे मेपर्यंत निवांत. अरे बाबा, मोजायचं उडायच्या दिवसापासून मागं! ५ एप्रिलपासून मागं गेलं की १ जानेवारीचं बाहेर पडतं. उरली २. मित्र जमिनीवर.

उपाय सोपा आहे. एकट्यानं उडायला या नियमाची आडकाठी नाही. एक चक्कर मारली की तीन पुरी. पण २० जानेवारीचंही संपतच आलं होतं, म्हणून म्हटलं, तीन मारून टाक.

रात्रीचा हिशोब मात्र कडक. सूर्यास्तानंतर १ तास ते सूर्योदयाआधी १ तास, एवढ्याच वेळातली लँडिंग धरतात. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. ते घड्याळ लावलं तर सहाचं लँडिंग बाद, बाहेर कितीही अंधार असो. शिवाय विमान पूर्ण थांबायला हवं. चाकं टेकवून लगेच वर, ते टच अँड गो रात्री मोजत नाहीत.

एअरलाइनच्या कॅप्टनलाही आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानं ९० दिवसांत ३ लागतातच, त्याच प्रकारच्या विमानावर किंवा मान्यता असलेल्या सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली विमानावर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विमानं उभी होती, तेव्हा सिम्युलेटरच कामी आले.

भाच्यानं तीन चकरा मारल्या. माझा व्हिसा काही अजून आला नाही. तो येईस्तोवर त्याचे ९० दिवस पुन्हा संपतात, बघा तुम्ही.